चार आवाजांची प्रार्थना : बहुस्वरी गायन कसे ऐकावे?



संध्याकाळच्या आराधनेपूर्वी आपल्या चर्चमध्ये काही वेळा लॅटिन भाषेतील जुने गायन मंद आवाजात लावले जाते. त्याबद्दल आमच्याकडे दोन तऱ्हेचे अभिप्राय आले. काहींना ते ऐकून मन शांत होते असे वाटते. काहींचे म्हणणे मात्र रोखठोक आहे. "एक जण काही म्हणतो, तेवढ्यात दुसरा तेच पहिल्यापासून सुरू करतो, तिसरा मध्येच घुसतो. शब्द एकही कळत नाही. याला प्रार्थना कशी म्हणायची?"

अशी तक्रार करणाऱ्यांना आम्ही आधीच सांगून टाकतो की, ती नवी नाही आणि वावगीही नाही. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एका पोप महोदयांनी शुभ शुक्रवारी आपल्या गायकांना बोलावून जवळजवळ हेच सुनावले होते. त्याची हकिगत पुढे येईलच. या गायनाला बहुस्वरी गायन किंवा पॉलिफनी म्हणतात. युरोपातील प्रबोधनकाळात, म्हणजे साधारण १४५० ते १६०० या दीडशे वर्षांत, ते बहराला आले. ते मुळात काय आहे, कसे ऐकावे आणि आपल्या मराठी ख्रिस्ती जीवनाशी त्याचा काय संबंध, एवढे या लेखात पाहू.

येथे कोणीच साथीला नाही

आपल्या कानाला एका चालीची सवय आहे. भजनात एक जण ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात. पेटी गाणाऱ्याच्या मागोमाग जाते. कीबोर्ड आला तरी त्याचे काम तेच, मुख्य गाण्याला आधार देण्याचे. जुगलबंदीत दोन कलाकार असतात, पण बहुतेक वेळ एक वाजवतो तेव्हा दुसरा वाट पाहतो. आपले संगीत एकाच सुरावटीच्या आत खोल उतरते आणि त्या खोलीला तोड नाही.

बहुस्वरी गायनाची मांडणीच वेगळी. येथे चार, पाच किंवा सहा आवाज असतात आणि प्रत्येकाकडे स्वतःची पूर्ण चाल असते. कोणी मुख्य नाही, कोणी साथीला नाही. सर्वांत खालचा आवाज एकट्याने गायला तरी ते गाणेच वाटेल. हे सारे एकाच वेळी चालते, कोणी कोणासाठी थांबत नाही आणि तरी गोंधळ होत नाही, कारण रचनाकाराने प्रत्येक क्षणी कोणता सूर कोणत्या सुराशेजारी येईल हे आधीच मोजून ठेवलेले असते. वाद्ये सहसा नसतात, माणसांचे गळे तेवढे.

आपल्या ऊर्जानगरात हे समजावणे फार अवघड नाही. वीज केंद्रातील संच लहान असो वा मोठा, २१० मेगावॅटचा असो की ५०० मेगावॅटचा, त्याचे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते आणि ५० हर्ट्झची वीज देते. प्रत्येक संच आपल्या बळावर फिरतो, पण ग्रिडला जोडण्यापूर्वी त्याला इतरांशी नेमका जुळवून घ्यावा लागतो. तो जुळला नाही तर काय होते, हे नियंत्रण कक्षात काम करणाऱ्या आपल्या बांधवांनी सांगावे! अर्थात संचांनी एकसारखे फिरायचे असते, तर गायकांनी वेगवेगळे गाऊन जुळायचे असते. तेव्हा ही तुलना येथेच सोडू.

करून पाहण्याचा एक धडा

वाचून हे पूर्ण कळणार नाही. गायकवृंदाने, किंवा घरी तीन-चार जणांनी, पुढचा प्रयोग करून पाहावा. त्याला पाच मिनिटे लागतात.

सर्वांना झेपेल असा सा धरा आणि तीन गट करा. प्रत्येक टाळीला एक सूर, अशी साधी चढती सरगम म्हणायची आहे : सा रे ग म प ध नी आणि वरचा सा. पहिल्या गटाने सुरुवात करावी. तो ग वर पोहोचला की दुसऱ्या गटाने सा पासून सुरू करावे. दुसरा गट ग वर आला की तिसऱ्याने सा धरावा. आता ऐका. तिसरा गट सा म्हणतो तेव्हा दुसऱ्याचा ग असतो आणि पहिल्याचा प. सा, ग आणि प हे तिन्ही एकत्र किती गोड लागतात! पुढच्या टाळीला रे, म आणि ध एकत्र येतात, तेही जुळतात. प्रत्येक गट निव्वळ सरगम म्हणतो आहे, तरी तिघांच्या मिळून जे ऐकू येते ते कोणी एकटा म्हणत नाही.

पहिल्या गटाने वरचा सा गाठला की तो तेथेच धरून ठेवावा. पुढच्या टाळीला दुसरा गट नी वर येईल. सा आणि नी एकमेकांवर घासतील आणि कानाला क्षणभर टोचेल. त्यानंतरच्या टाळीला दुसरा गटही सा वर पोहोचेल आणि ती टोच विरघळेल. तबल्याची तिहाई समेवर येऊन पडली की कसे हुश्श वाटते, तसेच येथे होते.

बहुस्वरी गायनाचे निम्मे रहस्य या दोन टाळ्यांत आहे. एक आवाज आपला सूर सोडत नाही, दुसरा हलतो, ताण निर्माण होतो आणि मग त्यांच्यापैकी एक जण एक पायरी सरकून तो मोकळा करतो. मोठ्या रचनाकारांनी दुःख, पश्चात्ताप आणि याचना याच ताणातून उभी केली. आराधनेच्या वेळी एखाद्या ठिकाणी अचानक गळा दाटून येतो, शब्द कळलेले नसतात तरीही, त्याचे कारण बहुधा असा एखादा टोचणारा आणि मग विरघळणारा सूर असतो.

(हाच प्रयोग दुसऱ्या गटाने एकाच टाळीनंतर सुरू करून पाहावा. सा आणि रे सतत घासत राहतील आणि काही वेळातच सगळे हसू लागतील. कोणी कधी सुरू करायचे, याला इतके महत्त्व का, ते तेव्हा कळेल.)

हे गायन आले कोठून?

थोडा इतिहास. प्राचीन ख्रिस्तसभेत उपासनेचे गायन एकाच चालीचे होते. पश्चिमेत त्याला ग्रेगोरियन गायन म्हणतात. पुढे त्या चालीसोबत दुसरी चाल गायची पद्धत रुळली. सुमारे १२०० साली पॅरिसच्या नोत्र दाम कथीड्रलमध्ये तीन आणि चार आवाजांचे गायन होत होते. मूळ ग्रेगोरियन चाल एक आवाज लांब सुरांत धरून ठेवी. लॅटिनमध्ये धरण्याला 'तेनेरे' म्हणतात, म्हणून तो 'तेनोर'. आपल्या गायकवृंदातील टेनर हा शब्द तेथून आला आहे.

१५०१ साली व्हेनिसमध्ये बहुस्वरी संगीताचे पहिले पुस्तक छापले गेले आणि त्यानंतर हे संगीत देशोदेशी पसरले. पण तेव्हाच्या छापील पुस्तकांत सर्व आवाज एकाखाली एक लिहिलेले नसत. प्रत्येक आवाजाचे पुस्तक वेगळे असे. बास गाणाऱ्याच्या हाती फक्त बासचे पुस्तक, त्यात इतरांचा एकही सूर नाही. इतर कोठे आहेत हे कळायला कान देण्यावाचून मार्ग नव्हता. आज प्रत्येकासमोर माइक ठेवून आपण गातो तेव्हा नेमकी हीच सवय सुटते, असे आमचे मत आहे. आपलाच आवाज स्पीकरमधून इतका मोठा येतो की शेजारचा काय गातो ते ऐकूच येत नाही.

पोप महोदयांची तक्रार

दोनशे-तीनशे वर्षांत आवाज वाढले, कारागिरी वाढली आणि शब्द हरवले. शिवाय आणखी एक खोड लागली होती. मिस्साचे गायन लोकप्रिय गाण्यांच्या चालीवर बांधले जाई. शस्त्रधारी माणसाविषयीचे एक फ्रेंच गाणे इतके आवडते होते की त्याच्या चालीवर चाळीसहून अधिक मिस्सा रचल्या गेल्या. नाताळची गाणी सिनेगीतांच्या चालीवर बसवणाऱ्यांना येथे थोडा धीर यावा, पण फार नको.

९ एप्रिल १५५५ रोजी मार्सेलुस दुसरे हे पोप झाले. तीनच दिवसांनी शुभ शुक्रवार होता. त्या दिवसाची उपासना ऐकून त्यांनी गायकांना बोलावले आणि बजावले की, या दुःखसहनाच्या दिवशी गायन प्रसंगाला शोभेल असे हवे आणि शब्द ऐकू यायला हवेत, समजायला हवेत. त्यांची कारकीर्द अवघी बावीस दिवसांची ठरली. १ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी पोप महोदयांच्या गायकवृंदात तिशीतला एक गायक होता. त्याचे नाव जोव्हान्नी पिएरलुईजी. रोमजवळच्या पालेस्त्रिना गावचा, म्हणून जग त्याला पालेस्त्रिना या नावाने ओळखते.

पुढे ट्रेंट येथील विश्वपरिषदेने १५६२ साली ठराव केला की उपासनेच्या संगीतात काहीही उथळ किंवा अशुद्ध नसावे. बहुस्वरी गायन साफ बंद करावे, असेही काहींना वाटत होते, पण परिषदेने तसे केले नाही. १५६५ साली रोममध्ये संत चार्ल्स बोरोमेओ आणि आणखी एका कार्डिनलांच्या देखरेखीखाली गायकांकडून काही मिस्सा गाऊन घेण्यात आल्या. शब्द कळतात की नाही, हे तपासायचे होते. १५६७ साली पालेस्त्रिनाने सहा आवाजांची एक मिस्सा छापली आणि तिला 'पोप मार्सेलुस यांची मिस्सा' असे नाव दिले. या एका मिस्साने बहुस्वरी गायन वाचवले, अशी गोष्ट पुढच्या शतकात पसरली. गोष्ट फुगवलेली आहे. परंतु मिस्सा ऐकली तर तिच्यातील उत्तर स्पष्ट कळते. जेथे शब्द पुष्कळ आहेत, म्हणजे गौरवगीतात आणि श्रद्धेच्या अंगीकारात, तेथे आवाज बहुतेक एकत्र बोलतात आणि शब्द स्वच्छ उमटतात. जेथे शब्द मोजके आहेत आणि सर्वांना पाठ आहेत, म्हणजे दयायाचनेत किंवा देवाच्या कोकराला केलेल्या विनवणीत, तेथे आवाज एकामागून एक येतात आणि पसरतात. शब्द कळायला हवेत, हे त्याने मान्य केले. पण कळून झालेल्या शब्दात रेंगाळायलाही जागा हवी, हेही त्याने सोडले नाही. आमच्या मते कोणत्याही भाषेतील उपासना-गायनाला हा नियम लागू पडावा.

या माणसाचे आयुष्य फार सुखाचे नव्हते. मार्सेलुस यांच्यानंतरच्या पोप महोदयांनी त्याच १५५५ साली विवाहित गायकांना आपल्या गायकवृंदातून काढले, त्यात हा होता. १५७१ पासून तो संत पेत्राच्या महामंदिरात गायनप्रमुख झाला आणि १५९४ साली मरेपर्यंत तेथेच राहिला. १५७२ ते १५८० या आठ वर्षांत त्याने दोन मुलगे, भाऊ आणि पत्नी गमावली. त्याने धर्मगुरू व्हायचे ठरवले होते, पण १५८१ साली एका विधवेशी विवाह केला. तिच्या पहिल्या यजमानांचा कातड्या-फरचा व्यवसाय होता, तोही सांभाळला. शंभराहून अधिक मिस्सा लिहिणारा हा रचनाकार दिवसा हिशोबाच्या वह्या पाहत होता, हे वाचून आपल्या गायकवृंदातील शिफ्ट ड्युटीवाल्यांना बरे वाटेल.

पाणवठ्यावरचे स्तोत्र

आता एक रचना नीट ऐकू. पालेस्त्रिनाचे चार आवाजांचे 'सिकुत चेर्वुस' हे गायन स्तोत्र ४२ वर आधारित आहे. तहानलेले हरीण वाहत्या पाण्यासाठी तळमळते, तसा जीव देवासाठी तळमळतो, असा त्याचा आशय. पुनरुत्थानाच्या जागरणविधीत स्नानसंस्काराच्या पाण्याकडे जाताना हे स्तोत्र म्हणण्याची जुनी परंपरा आहे. रोममधल्या कोणापेक्षाही आपल्याला ही प्रतिमा जवळची आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ अंशांपलीकडे जातो, ताडोबाचे नाले कोरडे पडतात आणि चितळांचे कळप पाणवठ्याशी येऊन दबकत उभे राहतात. तहान म्हणजे काय आणि पाण्यापाशीही भीती कशी असते, हे आपण पाहिले आहे.

रचना सुमारे तीन मिनिटांची आहे. प्रथम टेनर एकटा सुरू करतो, लांब सुरांनी, घाई न करता. थोड्या वेळाने आल्टो तेच शब्द आणि तीच चाल घेऊन येतो, मग सॉप्रानो, शेवटी बास. एक हरीण झाडीतून बाहेर आले, मागून दुसरे, मग तिसरे. 'तळमळते' या अर्थाच्या शब्दावर आवाज लांबतात आणि एकमेकांत गुंततात. पाण्याच्या झऱ्यांचे शब्द येतात तेव्हा नवी चाल सुरू होते आणि तीही आवाजाकडून आवाजाकडे वाहते. नंतर 'तसाच माझा जीव' या अर्थाचा भाग येतो, त्याला पुन्हा नवी चाल.

पहिल्यांदा ऐकताना चारही आवाज पकडायचा प्रयत्न करू नये. आम्ही असे सुचवतो. पहिल्यांदा फक्त टेनरचा पाठलाग करा. तो गर्दीत हरवेल, हरवू द्या, पुन्हा सापडेल. दुसऱ्यांदा बास ऐका. तो सर्वांत शेवटी येतो, पण आल्यावर पायाखाली जमीन लागल्यासारखे वाटते. तिसऱ्यांदा कोणालाच न धरता शब्दांचा अर्थ मनात ठेवून ऐका. एकूण दहा मिनिटे. तिसऱ्या वेळी 'घुसणारा' आवाज घुसल्यासारखा वाटत नाही, तो येणारच होता असे वाटते. चार जण एकच वाक्य वेगवेगळ्या क्षणी म्हणतात, हे प्रार्थनेत काही नवल नाही. जपमाळेच्या वेळी मागच्या बाकावरची आजी नेहमी अर्धा शब्द मागे असते!

ख्रिस्तपुराणकार आणि रोम

आता आपल्या भाषेकडे वळू. पालेस्त्रिना संत पेत्राच्या महामंदिरात गायनप्रमुख असताना, १५७५ साली, रोममध्ये एका इंग्रज तरुणाने येशूसंघात प्रवेश केला. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिकांवर कठोर निर्बंध होते, म्हणून तो मायदेश सोडून आला होता. ४ एप्रिल १५७९ रोजी तो लिस्बनहून जहाजात बसला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. हेच फादर थॉमस स्टीफन्स. उरलेली चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी भागात घालवली आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. त्यात जवळजवळ ११,००० ओव्या आहेत.

येथे थोडे थांबू. बहुस्वरी गायन ज्या शहरात शिखरावर होते त्या शहरातून आलेल्या या माणसाने मराठी लोकांसाठी काय निवडले? ओवी. ज्ञानेश्वरांची, एकनाथांची, जात्यावरच्या बायांची ओवी, एका आवाजाची. त्याच काळात गोव्याच्या चर्चमध्ये मात्र लॅटिन उपासनेत बहुस्वरी गायन होत होते. ओवी आणि बहुस्वर एकाच गावात नांदले, एकाने दुसऱ्याला हाकलले नाही. आमच्या दृष्टीने गोव्याच्या त्या शतकाकडून घेण्यासारखी ही गोष्ट आहे. त्या शतकात जबरदस्तीही झाली आणि ती झाकण्याचे कारण नाही.

पुढे गोव्यात चर्चच्या शाळांतून संगीत शिकवण्याची पद्धत खोल रुजली. तेथील संगीतशिक्षकाला मेस्त्री म्हणत. तो मुलांना स्वरलेखन वाचायला, सोलफेज म्हणायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. प्रायश्चित्तकाळात गोव्याच्या चर्चमध्ये आजही मोटेट गातात. शब्द लॅटिन, आवाज दोन-तीन-चार, सोबत व्हायोलिन आणि क्लॅरिनेट, रचना गोव्याच्याच मेस्त्रींच्या. पालेस्त्रिनापेक्षा ते सोपे आहेत, आवाज बहुतेक जोडीने चालतात, पण धागा तोच.

या शाळांत शिकलेले वादक पोटासाठी मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात बसले. शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजक सेबास्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील गाण्यातले नाव त्यांचेच. शंकर-जयकिशनचे एखादे जुने गाणे लावा आणि गायकाकडे दुर्लक्ष करून मागची व्हायोलिने ऐका. गायकाची चाल खाली उतरते तेव्हा ती वर चढतात, गायक थांबतो तेथे बोलतात, आणि गायक बोलू लागला तरी गप्प बसत नाहीत. ही दुसरी चाल आहे, साथ नव्हे. म्हणजे 'कळत नाही' म्हणणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे कान रेडिओने लहानपणीच तयार करून ठेवले आहेत.

जो मागे राहिला

फादर स्टीफन्स इंग्लंडमधून निघून आले. त्यांच्याच पिढीतील एक कॅथलिक संगीतकार तेथेच राहिला : विल्यम बर्ड. तो राणी एलिझाबेथच्या राजमंदिरातील गायक होता, म्हणून थोडे अभय होते, तरी धर्मासाठी खटले-दंड चुकले नाहीत. १५८५ च्या कायद्याने कॅथलिक धर्मगुरूला घरात आश्रय देणाऱ्याला मृत्युदंड ठेवला होता. लोक श्रीमंत कॅथलिकांच्या घरांत दारे लावून मिस्सा करीत. अशा मिस्सांसाठी बर्डने १५९२ ते १५९५ च्या सुमारास तीन, चार आणि पाच आवाजांच्या तीन मिस्सा लिहिल्या आणि मुखपृष्ठ न लावता छापल्या. पुस्तक सापडले तर त्यावर छापणाऱ्याचे नाव नको आणि साल नको.

चार आवाजांच्या मिस्सामधील शेवटची विनवणी, देवाच्या कोकराला केलेली, मुद्दाम ऐकावी. ती तीनदा येते. पहिल्यांदा दोनच आवाज गातात. दुसऱ्यांदा तीन. तिसऱ्यांदा चारही. जणू खोलीत एक-एक जण येऊन गुडघे टेकतो आहे. शेवटी शांती मागण्याचे शब्द येतात आणि तेथे आपल्या सरगमच्या प्रयोगातील ती टोच पुन्हा पुन्हा येते. एक आवाज मोकळा होतो तोच दुसरा ताणला जातो. शांती मागणाऱ्यांना ती अजून मिळालेली नाही, हे त्या सुरांतून कळते. अगदी शेवटच्या सुरावर सगळे जुळतात.

पालेस्त्रिनाच्या मागे महामंदिर होते, बर्डच्या मागे बंद दार. दोन्ही ऐकून पाहावे. आम्हाला बर्ड अधिक भिडतो.

आपण काय करावे?

आपला चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेतला आहे. या परंपरेचे सुरियानी गायन एका चालीचे, दोन गटांनी आळीपाळीने म्हणायचे. तेही फार प्राचीन आहे. संत एफ्रेम (निधन ३७३) यांनी स्त्रियांचे गायकवृंद तयार केल्याचे सुरियानी ख्रिस्तसभा अभिमानाने सांगते. आपल्या बाकांवर मराठी, मल्याळम, तमिळ, तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारी बसतात. तेव्हा बहुस्वरी गायन हेच श्रेष्ठ, असे आम्हाला म्हणायचे नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेवरील दस्तऐवजात लॅटिन विधीपुरते ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिले, बहुस्वरी गायनाला वगळू नये असे सांगितले आणि त्याच प्रकरणात लोकांच्या स्वतःच्या संगीत-परंपरेलाही योग्य स्थान द्यावे असे म्हटले. मराठी भजन बंद करून लॅटिन आणा, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. फक्त मराठी भजनच खरे, बाकी परके, असाही काढता येत नाही.

तक्रारीतील रास्त भाग मान्य करून आम्ही गायकवृंदाला दोन सूचना केल्या आहेत. एक, असे गायन लावण्यापूर्वी त्याचा आशय मराठीत दोन वाक्यांत वाचून दाखवावा. पोप मार्सेलुस यांची अट तेवढ्याने बरीचशी पुरी होते. दुसरी, प्रायश्चित्तकाळातील एखाद्या शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेनंतर, माइक आणि कीबोर्ड बंद ठेवून दोन आवाजांत एक साधे मराठी गीत म्हणून पाहावे. आधी सराव म्हणून वरचा सरगमचा प्रयोग तीन-चार बैठकांत करावा. ज्यांना आपला आवाज चांगला नाही असे वाटते त्यांनीही यावे. दुसऱ्याचा आवाज ऐकत आपला सूर धरून ठेवणारे लोक या गायनाला लागतात आणि त्यासाठी गळा गोड असावा लागत नाही. सराव रविवारी मिस्सानंतर चर्चमध्येच होईल. सकाळच्या पाळीवर असणाऱ्यांसाठी दुसरी वेळ ठरवता येईल, त्यांनी गायकवृंदाकडे आपली नावे द्यावीत.